अनुदासीन प्लाझ्मातील कणजातींचे विलगन

दुधातील साय निराळी करणारे फिरते यंत्र आंबीसारख्या मावळातील गावच्या माणसाला नवे नाही. जड दूध कडेला जाते, हलकी साय आसाजवळ राहते. चुंबकीय क्षेत्रात कोंडलेल्या अनुदासीन, म्हणजे एकाच चिन्हाचा भार असलेल्या, प्लाझ्मातही असेच घडते. मात्र तेथे कणांना अडविणारी भिंत नसते.

सजातीय भार परस्परांना दूर सारतात; मग ते कोंडलेले राहतात कसे? ओनील यांनी १९८० साली याचे उत्तर दिले. आसाभोवती सममित असलेल्या सापळ्यात संपूर्ण कणसमूहाचा कोनीय संवेग अक्षय्य असतो. प्रबळ क्षेत्रात त्याचा मुख्य भाग म्हणजे प्रत्येक कणाचा भार आणि आसापासूनच्या अंतराचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीज होय. म्हणून एक कण बाहेर सरकला की दुसऱ्याला आत यावेच लागते. उदासीन प्लाझ्मात धन व ऋण कण जोडीने बाहेर पडू शकतात; बेरीज बिघडत नाही. प्रत्यक्षात सापळ्यातील बारीकसारीक असममितीमुळे थोडी गळती होतेच. गांधीनगरच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेतील वलयाकार पात्रात तर हा सिद्धांत जसाच्या तसा लागू पडत नाही.

(मराठी विश्वकोशातील ‘आयनद्रायू’ ही संज्ञा येथे अडचणीची ठरते. शुद्ध इलेक्ट्रॉनांच्या प्लाझ्मात आयन मुळी नसतोच!)

आता दोन कणजाती एकत्र असल्या तर? स्वतःच्या विद्युत्क्षेत्रामुळे प्लाझ्मा आसाभोवती फिरत असतो. केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे जड व हलक्या कणांच्या फिरण्यात किंचित तफावत पडते आणि टकरींतून घर्षण उत्पन्न होते. हे घर्षण वर्तुळाच्या दिशेने लागते, परंतु चुंबकीय क्षेत्रात त्याचा परिणाम त्रिज्येच्या दिशेने सरकण्यात होतो : जड कण बाहेर, हलके आत. बेरीज तीच राहते, केवळ वाटणी बदलते. उष्णतेची खळबळ फिरण्यातील ऊर्जेच्या तफावतीपेक्षा कमी असेल तरच हे विलगन ठळक दिसते. अमेरिकेतील बोल्डर येथे १९८६ साली बेरिलियमचे आयन आत व पाऱ्याचे बाहेर असे आढळले.

सर्नमधील प्रतिप्रोटॉनांच्या प्रयोगांत हाच गुण अडचण होऊन बसतो. इलेक्ट्रॉन प्रारण उत्सर्जित करून निवतात आणि टकरींतून प्रतिप्रोटॉनांनाही निववितात. पण मिश्रण पुरेसे थंड झाले की प्रतिप्रोटॉन कडेला जातात, इलेक्ट्रॉन मध्यभागी उरतात आणि ज्या संपर्काने शीतन साधले तोच विरळ होत जातो.