टेबलाखालचा रिकामेपणा कसा बांधायचा?

धड नसलेलं, टेबलावर ठेवलेलं आणि तरीही बोलणारं मुंडकं! जत्रेच्या तंबूत तिकीट काढून आपल्यापैकी काहींनी असा खेळ पाहिला असेल. आम्ही तो घरच्या घरी उभा केला. तो कसा केला, कुठे फसला आणि त्यातून काय कळलं, ते आज आपण पाहू.

आधी थोडा इतिहास. १६ ऑक्टोबर १८६५ रोजी लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये कर्नल स्टोडेअर नावाच्या जादूगारानं ‘स्फिंक्स’ हा प्रयोग पहिल्यांदा दाखवला. कल्पना थॉमस टोबिन यांची. स्टोडेअरनं एक पेटी आणून तीन पायांच्या टेबलावर ठेवली आणि तिचं दार उघडलं. आत इजिप्शियन शिरोभूषण घातलेलं मुंडकं होतं. त्यानं डोळे उघडले, प्रश्नांना उत्तरं दिली. नंतर पेटी बंद करून पुन्हा उघडली, तर आत नुसती राख! टेबलाखाली मात्र सगळं मोकळं दिसत होतं, मागचा पडदासुद्धा.

आता गंमत अशी, की तो मागचा पडदा नव्हताच. टेबलाच्या पायांमध्ये दोन उभे आरसे होते. लोकांना त्यांत दिसत होते ते बाजूचे पडदे. ते मागच्या पडद्यासारखेच असल्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं, नजर आरपार जातेय.

आम्ही तीन फुटांचं चौकोनी टेबल घेतलं आणि त्याचा एक कोपरा प्रेक्षकांकडे केला. पुढच्या पायापासून डावीकडच्या पायापर्यंत एक आरसा, उजवीकडच्या पायापर्यंत दुसरा. म्हणजे प्रत्येक आरसा रंगमंचाच्या कडेशी ४५ अंशांत आला. दोघांचा सांधा पुढच्या पायाआड लपतो. चौथा पाय आरशांमागे गडप होतो, पण तो दिसत नाही याची शंका कोणाला येत नाही. का? कारण समोरून पाहिलं तर तो पुढच्या पायाच्या बरोबर मागेच असतो.

टेबलाच्या मध्यभागी डोकं जाईल एवढं भोक. आत नऊ-दहा इंचांच्या चौरंगावर आमच्यातली अकरा वर्षांची मुलगी बसली. पेटीला तळ नाही. दार बंद झालं की ती डोकं खाली घेते आणि झेंडूच्या फुलांचं ताट खालून भोकात बसवते. राख आम्ही वापरली नाही. बंदिस्त जागेत मुलाच्या नाकातोंडाशी राख कशाला?

सगळ्यात महत्त्वाचं माप कोणतं, तर पडद्यांचं. पुढच्या पायापासून मागचा पडदा जितका लांब, तितकेच दोन्ही बाजूंचे पडदे लांब हवेत. आमचे पडदे प्रत्येकी सहा फुटांवर होते. एकाच ताग्यातलं कापड, सारख्याच चुण्या. एवढं करूनही पहिल्या तालमीत टेबलाखालचा उजवा भाग जास्त उजळ दिसायला लागला, कारण त्या बाजूची ट्यूबलाइट पडद्याच्या जवळ होती. दुसरी चूक सतरंजीची. तिचे आडवे पट्टे आरशात उभे दिसायला लागले! शेवटी साधं, एकरंगी कापड अंथरलं.

तेव्हा आमच्या लक्षात आलं, की आपण आरशांवर मेहनत घेत होतो आणि फसत होतो ते आरशांच्या समोरच्या गोष्टींत. आरसा फक्त समोरचं दाखवतो. रिकामेपणा आपल्याला बांधावा लागतो.

याचा खरा धडा मिळाला पहिल्या प्रयोगात. आमचा जादूगार पांढरा पायजमा घालून टेबलाच्या उजव्या बाजूनं चालत गेला. पुढच्या रांगेतला एक मुलगा ओरडला, ‘‘अरे, टेबलाखाली कोणाचे तरी पाय चालतायत!’’ सभागृह हसलं आणि खेळ तिथेच संपला. नंतर विचार केला तेव्हा दुसरा सापळाही दिसला. टेबलाच्या मागे उभं राहिलं, तर कमरेवरचा माणूस दिसतो आणि टेबलाखाली त्याचे पाय नसतात! म्हणजे बाजूला गेलात तर नको तिथे पाय दिसतात, मागे गेलात तर हवे तिथे दिसत नाहीत. म्हणून जादूगारानं पुढच्या पायाच्या पुढेच राहायचं. आम्ही खडूनं रेघ मारली आणि दहा वेळा चालण्याचीच तालीम केली.

प्रेक्षकांचंही तसंच. अगदी कडेला बसलेल्याला आरशात सभागृहाचा भाग दिसू शकतो. त्यामुळे दोन्ही टोकांच्या खुर्च्या काढून टाकल्या. आणि तोंडानं कधी म्हणायचं नाही, ‘‘बघा, टेबलाखाली काही नाही.’’ म्हटलं, की लोक तिथेच बघणार.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. चार मिलिमीटर जाडीचा, तीन फूट बाय अडीच फुटांचा आरसा साधारण सात किलोचा भरतो. असे दोन आरसे एका मुलाच्या दोन्ही बाजूंना उभे असतात. म्हणून कडा घासून घ्या, आरसे खोबणीत पक्के बसवा, पाठीवर चिकटपट्टीचे पट्टे मारा, म्हणजे तडा गेला तरी काचा उडणार नाहीत. मागची बाजू कायम उघडी ठेवा. आमच्या मुलीला तालमीत एकदा घुसमटल्यासारखं झालं. ती बोलली नाही. खेळ बिघडेल म्हणून गप्प बसली. ते आम्हाला नंतर कळलं आणि वाईट वाटलं. तेव्हापासून नियम केला: आतल्या माणसानं टेबलावर आतून दोनदा टकटक केली, की पडदा पडणार. प्रेक्षक काय म्हणतील, हा प्रश्न त्यानंतरचा.

शेवटचा मुद्दा. गुपित फोडायचं का? ‘स्फिंक्स’चं रहस्य प्रोफेसर हॉफमन यांच्या ‘मॉडर्न मॅजिक’ या पुस्तकात १८७६ सालीच छापून आलं आहे, त्यामुळे आपण कोणाचा विश्वासघात करत नाही. आम्ही प्रयोग संपल्यावर मुलांना जवळ बोलावतो, आरशाला हात लावू देतो. त्यांचा हिरमोड होईल असं वाटलं होतं. पण बोटांचे ठसे आरशावर उमटतात आणि ‘मोकळी जागा’ डोळ्यांदेखत काच होते, तेव्हा मुलं पहिल्यापेक्षा जास्त आश्चर्यानं बघतात. मग वाकून बाजूचा पडदा शोधतात.

जत्रेतल्या तंबूपुढे उभं राहून ‘हा चमत्कार’ असं कोणी म्हणालं, तर ही मुलं आधी बाजूचे पडदे बघतील. आमच्या खर्चाची आणि खटपटीची एवढी वसुली आम्हाला पुरेशी आहे.