काविळीत लिव्हरला मारतं कोण?

कावीळ झाली की वस्तीत दोन सल्ले हमखास मिळतात. कुणी म्हणतं, उतरवून घ्या. कुणी म्हणतं, गुळवेलीचा काढा प्या, प्रतिकारशक्ती वाढेल. पहिल्याबद्दल बाबासाहेबांच्या लेकरांना वेगळं सांगायला नको (तरी काविळीच्या माळा आम्हाला आपल्याच घरांत दिसतात). दुसरा सल्ला मात्र शिकलेल्या घरांतही चालतो.

हिपॅटायटिसचे ए, बी आणि ई हे विषाणू लिव्हरच्या पेशींत शिरून वाढतात, पण सहसा त्या पेशींना स्वतः मारत नाहीत. मारतात त्या आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. घरात शिरलेला साप मारताना घरातली मडकीही फुटतात, तसं. म्हणून शरीरात आवर घालणाऱ्याही पेशी असतात. मारा आणि आवर यांचा मेळ बसला तर माणूस काही आठवड्यांत बरा होतो. मारा हाताबाहेर गेला तर थोड्या जणांचं लिव्हर काही दिवसांतच निकामी होतं. आणि मारा झालाच नाही, तर विषाणू तळ ठोकतो.

बी कावीळ बघा. धडधाकट मोठ्या माणसांत 100 पैकी 95 जणांचं शरीर हा विषाणू हुसकून लावतं. पण जन्मताना आईकडून लागण झाली, तर बाळाची कोवळी प्रतिकारशक्ती त्याला शत्रू मानतच नाही. बाळ हसतं-खेळतं, डोळे पांढरेशुभ्र. पण अशा 100 पैकी सुमारे 90 बाळांत विषाणू ठाण मांडतो आणि पुढे सिऱ्होसिस, कॅन्सरची भीती राहते. म्हणून जन्मापासून 24 तासांच्या आत लस हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट आहे. ‘सव्वा महिना होऊ द्या’ म्हणणाऱ्या आजीचं इथे ऐकू नका.

ई कावीळ घाण पाण्यातून येते, आणि आपल्या नळाचे पाईप गटारातून जातात. गरोदरपणात पोटातल्या बाळाला परकं समजून हल्ला होऊ नये म्हणून प्रतिकारशक्तीची घडी बदलते. त्याचाही यात हात असावा, असं तज्ज्ञ मानतात. शेवटच्या तीन महिन्यांत ई कावीळ झाली तर 100 पैकी 20 ते 25 बाया दगावू शकतात. घरात पोटुशी सून असेल तर पाणी उकळूनच द्या.

आता काढा. 2021 मध्ये मुंबईच्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांची नोंद छापली. आपल्याच पेशींनी हल्ला करावा तशी त्यांच्या लिव्हरला सूज होती. आयुष मंत्रालयाला हे पटलं नाही. आम्ही मात्र कावीळ झालेल्याला काढा देणार नाही. आणि सूज उतरवायला म्हणून गल्लीतल्या डॉक्टरकडून स्टिरॉइडची सुईही नको. बी विषाणू त्याने आणखी फोफावतो.

पेशंट दिवसा झोपतो, रात्री जागतो, बरळतो, हात थरथरतात, हिरड्यांतून रक्त येतं, यातलं काहीही दिसलं तर बिलिरुबिनचा आकडा बघत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात न्या आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, करायला सांगा.