पुठ्ठ्याचा दवाखाना

आमच्या दिवाणखान्यात सध्या एक दवाखाना चालतो. डॉक्टरीणबाई साडेचार वर्षांच्या आहेत आणि पेशंट बहुतेक वेळा मीच असतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे वेळ असतो, दुखणीही बऱ्यापैकी असतात. तेव्हा ही नेमणूक मला मानवली आहे.

दवाखान्याची पहिली खरेदी मात्र साफ फसली. दुकानातून लाल डबा आणला. आत पंधरा-सोळा प्लास्टिकच्या वस्तू. इंजेक्शनचा दट्ट्या हलेना. थर्मामीटरवर १०२ ताप कायमचा छापलेला. गुडघ्यावर मारायची हातोडी पाहून नातीनं विचारलं, "आबा, हे डॉक्टर सुतार आहेत?" तिसऱ्या दिवशी डबा पलंगाखाली गेला.

तुळशीबागेतली भातुकली आठवून पाहा. त्या इवल्याशा पातेल्यात घोटभर पाणी खरंच राहतं, चमच्यानं ते ढवळता येतं. मुलाला तेच हवं असतं. वस्तू हुबेहूब नसली तरी चालते, पण तिनं काहीतरी करता आलं पाहिजे.

म्हणून जुन्या कॅलेंडरच्या जाड पानाची सुरळी केली. यात मी काही नवा शोध लावला नाही. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांपुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला थेट कान लावणं अवघड, म्हणून त्यांनी कागदांची घट्ट सुरळी करून एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके नुसत्या कानापेक्षा स्वच्छ ऐकू आले! पुढे त्यांनी लाकडाची नळी करवली. स्टेथोस्कोपचा जन्म तो. नातीनं सुरळीतून माझे ठोके ऐकले आणि गंभीरपणे म्हणाली, "आत कुणीतरी दार वाजवतंय." गळ्यात लांब नळी नाही, त्यामुळे फास बसण्याचीही भीती नाही.

बँकेत पितळी टोकन घेऊन बाकावर ताटकळलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. दवाखान्यातही निम्मा वेळ वाट पाहण्यातच जातो. पुठ्ठ्याची टोकनं कापून दिली, पाठकोऱ्या कागदांची वही शिवून दिली. या दोन वस्तूंना सगळ्यांत जास्त मागणी आहे.

चूक केली ती गोळ्यांत. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या 'औषध' म्हणून दिल्या. सूनबाईंनी त्या तिथल्या तिथे काढून घेतल्या. "बाबा, तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या टेबलावर असतात. उद्या त्याही तिला गोड वाटतील." मी निमूट माझी पाकिटं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. दवाखान्यात आता औषध म्हणजे वाटीतलं पाणी. चिमणी आवाज करणाऱ्या, दिवे लागणाऱ्या वस्तूंचंही तसंच. त्यांच्यातला बटणासारखा चपटा सेल मुलानं गिळला, तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. सेलचं झाकण स्क्रूनं घट्ट बसवलेलं नसेल तर वस्तू घेऊच नये. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर सिरिंजचं टोपण, मणी असलं काही नको. २०२१ च्या १ जानेवारीपासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, तेही डब्यावर पाहून घ्यावं.

पण हे सगळं जमल्यावरही दवाखान्यात एक वस्तू कमीच होती.

मागच्या पावसाळ्यात नातीला न्यूमोनिया झाला. चार दिवस ती रुग्णालयात होती. सलाइनसाठी शीर सापडेना. तिसऱ्या खेपेला नर्सबाई म्हणाल्या, "आजोबा, जरा घट्ट धरा." मी धरलं. आणि तिच्या कानात सांगत राहिलो, "काही दुखत नाही हं, झालंच." दुखत होतं, ते तिलाही कळत होतं आणि मलाही. तिनं रडणं थांबवून एकदा माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही.

घरी आल्यावर ती अस्वलाचा हात कशाला तरी बांधू पाहायची, आणि जमलं नाही की चिडायची. कितीतरी दिवसांनी आम्हाला उमगलं. सुई हलू नये म्हणून तिच्या हाताखाली पट्टीनं पुठ्ठा बांधला होता, तो तिला हवा होता! कुठल्याही सेटमध्ये तो मिळत नाही. बुटांच्या खोक्याचा तुकडा कापला, त्याला जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलं, कागदी चिकटपट्टी दिली. खेळण्यांच्या दुकानात जाण्याआधी मुलानं काय पाहिलंय, ते विचारायला हवं होतं. लसीला घाबरलेल्या मुलाला कापसाचा बोळा हवा असेल, चष्मा लागलेल्याला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता. जर्मनीत वैद्यकीय विद्यार्थी बाहुल्यांचे दवाखाने भरवतात. मुलं आपलं 'आजारी' अस्वल घेऊन येतात, आणि त्याला काय होतंय ते मुलंच सांगतात.

पुठ्ठा मिळाल्यावर आमच्या अस्वलाला रोज सलाइन सुरू झालं. सुई टोचताना ती माझाच सूर लावायची, "काही दुखत नाही हं, झालंच." मी पेपरमागे तोंड लपवून बसायचो.

गेल्या आठवड्यात माझं टोकन लागलं. खेळात ती मला अहो-जाहो करते. "या, बसा. हात पुढे करा."

"डॉक्टर, दुखेल का हो?" मी विचारलं.

तिनं क्षणभर विचार केला. "दुखणार आहे, आबा," ती हळूच म्हणाली, "थोडंसं. रडलास तरी चालेल."

मग तिनं पुठ्ठा बांधला. जरा घट्टच.