अर्गनच्या बाठ्यात काय दडलंय?

मोरोक्कोच्या नैर्ऋत्येला, सूसच्या खोऱ्यात आणि एसाउइराच्या आसपास, अर्गनची काटेरी रानं आहेत. या झाडांवर चढलेल्या शेळ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या ज्यासाठी वर चढतात ते फळ मात्र कुणी निरखून बघत नाही, आणि खरी गंमत तिथंच आहे!

एका झाडाखाली पडलेली फळं पाहावीत तर गोल गरगरीत. शेजारच्या झाडाखालची लांबट, टोकाला चोच काढलेली. त्यापलीकडची मधे फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती. एका झाडाची फळं आपापसांत बरीच सारखी, पण शेजाऱ्याशी त्यांचा मेळ नाही. माती तीच, पाऊसही तोच, मग हे कसं? अर्गनचं फूल सहसा स्वतःच्या परागानं फळत नाही. कीटक आणि वारा दुसऱ्या झाडाचा पराग आणतात, त्यामुळे बीपासून उगवलेल्या प्रत्येक रोपात नवी सरमिसळ असते.

आता बाठा घ्या. अर्गन हे आपल्या चिकू, मोह, बकुळीच्या कुळातलं झाड. चिकूच्या काळ्या तुकतुकीत बिया सुट्या निघतात. अर्गनमध्ये बिया एकमेकींना जुळतात आणि त्यांच्या टणक सालींचा मिळून एकच बाठा होतो. तिथल्या अमाझिग समाजातल्या बायका तो दगडावर धरून दुसऱ्या दगडानं नेमका ठोका घालतात. आत कधी एक मगज निघतो, कधी दोन, कधी तीन. मगजाचा जवळपास निम्मा भाग तेल असतं, तरी एका लिटरला तीसेक किलो फळं लागतात.

साहजिकच लागवडीसाठी पातळ कवचाची, भरल्या मगजाची झाडं निवडून त्यांची कलमं केली जातात. ते योग्यच आहे. पण कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल. नवी सरमिसळ फक्त बीतून होते. शेळ्या रवंथ करताना बाठे थुंकून टाकतात, हे स्पॅनिश संशोधकांनी 2017 मध्ये मांडलं. म्हणजे बी दूर नेण्याचं कामही त्या करतात, आणि उगवलेलं कोवळं रोपही त्याच खातात. वर बरीचशी फळं तेलासाठी वेचली जातात. 1998 पासून हा प्रदेश युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. नवी सरमिसळ चालू राहायची तर तिथल्या काही रानांत तरी रोपं शेळीच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत चराई थांबवायला हवी.