एका खोलीत १४६ माणसं?

कोलकात्याच्या सेंट जॉन्स चर्चच्या आवारात एक पांढरं स्मारक उभं आहे. ते ज्या कहाणीवर उभारलं, ती मुख्यतः एकाच माणसाच्या तोंडची.

२० जून १७५६. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने इंग्रजांचा फोर्ट विल्यम किल्ला जिंकला. त्या रात्रीतून वाचलेला इंग्रज अधिकारी जॉन होलवेल याच्या म्हणण्याप्रमाणे पकडलेल्या १४६ जणांना एका कोठडीत कोंडलं आणि सकाळी २३ जिवंत निघाले. त्याचं पत्र वाचताना अंगावर काटा येतो. पण कोठडी होती जेमतेम १८ बाय १५ फुटांची! म्हणजे माणशी दोन चौरस फूटही नाहीत.

भोलानाथ चंदर यांनी एकोणिसाव्या शतकात तेवढ्याच जागेला बांबूचं कुंपण घालून त्यात माणसं उभी केली. १४६ मावेनात. १९१५ च्या सुमारास जे. एच. लिटल यांनी सगळी गोष्टच बनावट ठरवली. ते जरा जास्तच झालं. कोंडलेले ६४ च्या आसपास असावेत, असा ब्रिजेन गुप्ता यांचा १९५९ मधला अंदाज अधिक पटतो.

होलवेलच्या शब्दावर भरवसा तरी किती ठेवायचा? त्यानेच पुढे बंगालचा नंतरचा नवाब मीर जाफर याच्यावर ढाक्यातल्या हत्यांचा आरोप केला. ‘मेलेल्यां’पैकी बहुतेक जिवंत सापडले!

१९४० मध्ये सुभाषबाबूंच्या आंदोलनानंतर स्मारक भर चौकातून हललं, ते या चर्चच्या आवारात आलं.