पक्षिनिरीक्षणाचा आनंद

ज्यासाठी पैसा किंवा प्रवास यांची गरज नसते, अशा मोजक्या छंदांत पक्षिनिरीक्षणाची गणना करावी लागेल. वही, पेन्सिल आणि धीर एवढे साहित्य प्रारंभी पुरेसे होते. दुर्मिळ पक्ष्यांच्या शोधात रानोमाळ हिंडण्याचेही कारण नाही.

सुगरणीचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात बाभळीच्या किंवा ताडाच्या झाडावर, बहुधा पाण्यालगत, तिची लोंबती घरटी दिसतात. मराठीत या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी असले, तरी विणकर असतो तो नरच. पात्यांचे लांब धागे विणून तो घरटे अर्ध्यावर आणतो, तेव्हा मादी पाहणीस येते. तिला ते पसंत पडले, तरच तो प्रवेशाची नळी विणून घरटे पुरे करतो आणि मग दुसऱ्या घरट्याच्या उभारणीस लागतो. नापसंत घरटी तशीच अपुरी राहतात.

डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) यांनी १९३० साली, हाती नोकरी नसताना, अलिबागजवळील किहीम येथे या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. त्या विपन्नावस्थेतील दिवसांतून एक महत्त्वाचा अभ्यास जन्मास आला.

हे जाणणाऱ्यास अर्धवट घरटे मोडके वाटत नाही. त्यात त्याला एका नकाराची हकीकत दिसते. म्हणून वाचकाने घराजवळचे एखादे झाड निवडावे, रोज ठरावीक वेळी तेथे थांबावे आणि जे दिसेल ते तारखेसह टिपून ठेवावे. परिचय वाढतो, तसा आनंदही वाढतो.