पांढरीचा विस्तार, काळीचा संकोच

गावगाड्याच्या जुन्या भाषेत भूमीचे दोनच वर्ण मानले जात. जिथे वस्ती ती पांढरी आणि जिथे पीक ती काळी. पांढरीची हद्द गावठाण म्हणून ठरलेली असे आणि ती सहसा ओलांडली जात नसे. आज चाळीसगावातून धुळ्याच्या किंवा मालेगावच्या रस्त्याने बाहेर पडणाऱ्याला ही हद्द शोधूनही सापडत नाही. कालपर्यंत कपाशी उभी असलेल्या रानात चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब आणि 'एन. ए. प्लॉट' अशी पाटी दिसते.

हे शहर मुळात काळीच्या बळावर वाढले. 1860 च्या दशकात लोहमार्ग आला, 1900 मध्ये धुळ्याचा फाटा त्याला जोडला गेला आणि परिसरातील कापूस व धान्य येथून मुंबईकडे जाऊ लागले. मारवाड-गुजरातेतून आलेल्या व्यापारी कुटुंबांनी अडत, सरकी, जिनिंग असे व्यवसाय त्याच मालाच्या आधारावर उभे केले. आज त्याच पेढ्यांची शिल्लक भूखंडांत गुंतत आहे. ज्या शिवारातून बाजारात माल येत असे, ते शिवारच बाजारातील माल झाले आहे.

यात शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. कृषी गणनेनुसार 1970-71 मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र 4.28 हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर होते. 2015-16 मध्ये ते 1.34 हेक्टरवर, जेमतेम सव्वातीन एकरांवर आले. याच काळात खातेदार सुमारे 50 लाखांवरून दीड कोटींवर गेले. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून अस्तित्वात आहे, पण वारसांची नावे सातबाऱ्यावर चढतच राहतात. सव्वातीन एकर कोरडवाहू कपाशीत, पावसाने दगा दिलेल्या वर्षी, सोसायटीचे पीककर्जही फिटत नाही. अशा वेळी कोणी एकरकमी भाव सांगत दारात आला, तर त्याला परत पाठवण्यास मोठे धैर्य लागते.

कायद्यानेही हा मार्ग क्रमाक्रमाने सुकर केला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 44 नुसार अकृषक वापरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. 2017 मध्ये आलेल्या कलम 42-ड ने, नियोजनाच्या तरतुदींच्या अधीन राहून, गावठाणापासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीसाठी ही वाट सोपी केली. रूपांतरण कर व इतर आकार भरला की सनद मिळू लागली. दोनशे मीटर हे अंतर ऐकण्यास किरकोळ वाटते, पण पेन्सिल घेऊन हिशेब मांडून पाहावा. दीडशे मीटर त्रिज्येचे वर्तुळाकार गावठाण धरले, तर त्याचे क्षेत्र सुमारे 7 हेक्टर भरते, आणि भोवतीच्या 200 मीटरच्या कड्याचे 31 हेक्टरांहून अधिक. पांढरीच्या चौपटीहून अधिक काळी एका कलमाच्या आवाक्यात आली, आणि तीही बहुधा गावाला लागून असलेली, खत-माती भरपूर मिळालेली.

शिवाय हा व्यवहार उलटा फिरत नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, म्हणून घर बांधताना ती उपसून मुरूम भरावा लागतो. पिढ्यान्पिढ्या नांगरलेला थर ट्रॉलीत भरून जातो. पुढे भूखंड दहा वर्षे रिकामा पडून राहिला, तरी तिथे बाभळी वाढतात, कपाशी येत नाही.

या प्रश्नापुढे श्रीमंत देशही अगतिक झालेले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये 1985 ते 2009 या काळात सुमारे 85 हजार हेक्टर शेतजमीन कमी झाली, म्हणजे दर सेकंदाला एक चौरस मीटरहून किंचित अधिक. त्यातील बरीचशी वस्ती व रस्त्यांखाली गेली, काही डोंगराळ भागात रान माजून. दुसऱ्या महायुद्धात धान्यटंचाईचे भय अनुभवलेल्या त्या देशाने 1992 मध्ये ठरवले की पिकाऊ जमिनीपैकी उत्तम प्रतीची सुमारे 4 लाख 38 हजार हेक्टर जमीन राखलीच पाहिजे, आणि प्रत्येक प्रांताला त्याचा वाटा आकड्यात नेमून दिला. आपल्या प्रादेशिक योजनांत शेती विभाग रंगवलेले असतात, परंतु अमुक तालुक्याने इतकी काळी राखावी असा बंधनकारक आकडा नसतो.

आता व्यापारी घरांचा प्रश्न. आयकर कायद्यानुसार दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिका हद्दीपासून सरळ रेषेत 2 किलोमीटरपलीकडची शेतजमीन भांडवली मालमत्ता गणली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. लोकसंख्या लाखापुढे गेली की हीच मर्यादा 6 किलोमीटर होते. 2011 च्या जनगणनेत चाळीसगाव 97 हजारांच्या घरात होते. नव्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर काय होईल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही. त्याआधी विकून मोकळे व्हावे, असा सल्ला मग घरोघर दिला जातो.

हा सल्ला देणारे बहुधा दुसरे पान उलटत नाहीत. कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 नुसार, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. अनेक पेढीवाल्यांकडे आजोबांच्या वेळचा एखादा गट नंबर असतो. तो बटाईने दिलेला असतो आणि उत्पन्नाच्या दृष्टीने नगण्य असतो. वाटणीच्या बैठकीत तोच सर्वांत आधी विक्रीस निघतो, कारण पुण्यातील फ्लॅटसाठी रक्कम हवी असते. तो शेवटचा असेल, तर त्याच्याबरोबर घराण्याचे शेतकरीपणही जाते. पुढे नातवाला डाळिंबाची बाग करण्याची इच्छा झाली, तर हाती पैसा असूनही त्याला खरेदीखत करता येणार नाही. म्हणून अशा बैठकीला बसताना पेढीच्या ताळेबंदाबरोबर सर्व सातबारे उतारेही समोर ठेवावेत, आणि सहीपूर्वी शेवटचा गट कोणता व तो कोणत्या भावाच्या नावे राहणार, हे लिहून घ्यावे.